नागूबायच्या गाठी

आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात दोन वस्तू आहेत. एक बोटभर उंचीची प्लॅस्टिकची बाटली, पाऊण भरलेली. दुसरी म्हणजे निळ्या नायलॉनचा वीतभर दोरा. त्याला आधी एक मोठी गाठ, मग पाच लहान, मग थोडी जागा सोडून सात लहान. बाटली एका मुलाने दिली होती, दोरा त्याच्या आईने. बाटलीतल्या पाण्याबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही. दोऱ्याबद्दल येतं. म्हणून हे नागूबायबद्दल लिहितो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही कोपरखैरण्यात राहायला आलो, तेव्हा आमच्या सेक्टरातली निम्मी घरं रिकामी होती. उरलेल्यांत आमच्यासारखीच सातारा-कराडकडची माणसं. कोणी मार्केटात, कोणी तुर्भ्याच्या कारखान्यात. मी मार्केटजवळच्या ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून होतो. भरल्या ट्रकचं वजन, रिकाम्या ट्रकचं वजन, वजाबाकी, पावती. असली नोकरी वर्षानुवर्षं केली की समोर आलेला आकडा वाचल्याशिवाय राहवत नाही. बसचा नंबर, सिलिंडरवरचं वजन, विजेचा मीटर. बायको म्हणते, "देवळात गेलात तरी आधी दानपेटीचा नंबर वाचाल." खरं आहे, वाचतो.

सेक्टरातलं पहिलं मरण शेजारच्या शिंद्यांच्या आईचं. गावाकडे अशा वेळी कोणाच्या तरी बेटातून बांबू तोडून आणतात, कुंभाराकडून मडकं येतं, कोणी कोणाला काही विचारत नाही. इथे सकाळचे साडेआठ वाजलेले, आम्ही सात-आठ पुरुष दारात उभे, आणि बांबू कुठे मिळतो हे एकालाही माहीत नाही. शेवटी दूधवाला म्हणाला, "जुन्या गावात जावा. खाडीच्या रस्त्याला नागूबायचं दुकान हाय."

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पाटी नाही. बाहेर बांबू उभे केलेले, एका दांडीवर मडकी पालथी घातलेली, आत कोऱ्या कापडाचे गठ्ठे आणि काथ्या. पाटावर एक बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली, लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात दोरा.

मी म्हणालो, "बाई, सगळं सामान पाहिजे. बॉडी दुपारी निघेल."

तिचा हात थांबला. "कोनाची?"

"शेजारची."

"बॉडी मोटारगारीला असते. मान्साला नाव असतं. नाव सांगा."

शिंदे माझ्या मागे उभा होता. तो म्हणाला, "सरस्वती. माझी आई."

"हां." ती उठली. "सरसतीबायची उंची सांगा. आनि तुमी सकालपासून काय पोटान घातलंव क नाय?"

तिने आम्हाला कोरा चहा पाजला. शिंदे नको म्हणाला तर म्हणाली, "खांदा द्याचा हाय ना? मग पी." तो प्यायला. पुढे सात-आठ वर्षं मी तिच्याकडे किती वेळा गेलो ते मोजलं नाही, पण सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे प्रत्येक वेळी कोणाला तरी घेऊन मीच जायचो. नाव विचारल्याशिवाय तिने कधी बांबूला हात लावला नाही आणि चहा पाजल्याशिवाय कोणाला जाऊ दिलं नाही. मी काट्यावर आहे हे कळल्यापासून ती मला काटेवाले म्हणायची.

एकदा मी विचारलं, "नागूबाय, हा धंदा तुमच्याकडे पूर्वीपासूनचा का?"

ती हसली. "आमच्यान मेला क गाव येतं. दुकान कशाला लागल? तुमच्यान गाव नाय, म्हनून दुकान."

दुकान तिच्या नवऱ्याने, धर्माने, घातलं होतं. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, मिठागरं बुजली, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या सेक्टरांतली माणसं घरात कोणी गेलं की गावात येऊन भांबावल्यासारखी फिरायची. धर्माने आधी नुसती मदत म्हणून बांबू दिले. मग दुकान झालं. तो गेल्यावर ती बसली. बाई असल्यामुळे दोनशे पावलांवरच्या स्मशानात ती कधी गेली नाही. पण दुकानावरून प्रेत जायचं तेव्हा ती उभी राहायची. जेवत असली तर ताट सारून उभी राहायची आणि माणसं वळणाआड गेल्यावरच बसायची.

आमच्या मार्केटात एक हमाल गेला. कुठून आलेला, कोण, कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. सगळे त्याला लंबू म्हणायचे. पोलिसांचे कागद झाल्यावर आम्ही चार-पाच जण तिच्याकडे गेलो. तिने नाव विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"एवरी वर्सं तुमच्याबरबर वजन वाहिलं आनि नाव नाय ठाव?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आज त्याचा नाव पदाजी. माज्या सासऱ्याचा हाय. मोठा मानूस व्हता, रागवाचा नाय." सामानाचं तिने काही घेतलं नाही. आणि त्याच्या गाडग्याला दोरा बांधला.

आता दोऱ्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडली की अस्थी गाडग्यात भरतात, तोंडाला फडकं बांधतात. ते गाडगं घरात आणत नाहीत आणि जमिनीवरही ठेवत नाहीत. गावी नदीला न्यायची सोय होईपर्यंत झाडाला टांगतात. आमच्या सेक्टरातली झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती. म्हणून लोक गाडगी नागूबायकडे ठेवायचे. शेडच्या मागच्या अंगाला तिने आडवा बांबू बांधून त्याला आकडे लावले होते. तीस आकडे.

नागूबायला लिहिता येत नव्हतं. ती जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने फडकं बांधायची आणि त्याच दोऱ्याच्या टोकाला गाठी मारायची. मोठी गाठ म्हणजे दहा, लहान म्हणजे एक. आधी सेक्टर, मग जागा सोडून घरांची लाइन. पुरुषाला निळा दोरा, सवाष्णीला हिरवा, विधवेला पांढरा. आणि तशाच गाठींचा दुसरा दोरा घरच्यांच्या हातात द्यायची. दोरा आणा, जुळवा, गाडगं न्या. लहानपणी ती आईबरोबर मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायची. मुनीम दहाच्या नऊ लिहायचा, म्हणून आई कमरेच्या दोऱ्याला गाठी मारायची. तिथून ती हे शिकली होती.

"मना लिवता येत नाय, काटेवाले," ती म्हणायची, "पन मोजता येतं."

हिरामण तिचा एकुलता एक मुलगा. तिशीचा, बोलायला गोड, कोणाच्याही घरी मयत झाली की जीप घेऊन हजर. जीपच्या मागे त्याने 'स्वर्गरथ' असं रंगवून घेतलं होतं. नागूबायला ते आवडलं नव्हतं. "स्वर्गान जातो क नाय ते तू नको सांगू. इस्पितलातशी घरी आन, तवरा पुरे." पण दुकान हळूहळू त्याच्या हातात चाललं होतं. नाशिकच्या फेरीची कल्पना त्याचीच.

आमच्या लोकांची अडचण त्याने बरोबर ओळखली. गावी अस्थी न्यायच्या तर चार दिवस मोडतात, भावकी जमते, कारखान्यात रजा मिळत नाही. गाडगी महिनोन्महिने टांगून राहायची. हिरामण म्हणाला, दोन-तीन महिन्यांनी मी सगळी एकदम नाशिकला नेतो. गोदावरीवर ब्राह्मणाकडून विधी करवून सोडतो. जायचा-यायचा खर्च सगळ्यांत वाटून घ्या. परत आला की तो प्रत्येक घरी गंगेच्या पाण्याची छोटी बाटली द्यायचा. लोक ती देवापुढे ठेवायचे.

नागूबायला हे फारसं पटलं नव्हतं. "घरचा एक तरी मानूस पायजेल बरबर," ती म्हणायची. पण घरची माणसं खूश होती. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर फेरीची तारीख मी लिहायचो, माझ्या अक्षरात.

माझे वडील गेले तेव्हा त्यांचं गाडगंही फेरीतच गेलं. कांद्याचा सीझन होता. रजा मिळणार नाही, असं मी भावाला कळवलं. हिरामणने बाटली आणून दिली. नागूबायला निळा दोरा परत करायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकं. तुमी डोल्यानी नाय पायलाव ना? मग दोरा ठेवा."

त्यानंतर वर्षभराने, शिमग्याच्या आधी, मी त्या जीपचा मीटर पाहिला.

म्हणजे मुद्दाम नाही पाहिला. फेरीच्या आदल्या दिवशी हिरामणने मला वाशीला सोडलं. पुढच्या सीटवर बसलं की मीटर समोरच येतो. सत्तेचाळीस हजार तीनशे बारा. फेरी झाली. दोन दिवसांनी सेक्टरातल्या एकांना इस्पितळातून आणायला मी पुन्हा त्याच सीटवर बसलो. सत्तेचाळीस हजार तीनशे एकाहत्तर.

वजाबाकी आपोआप झाली. एकोणसाठ. नाशिक जाऊन-येऊन सव्वातीनशेच्या खाली होत नाही.

मी म्हणालो, "हिरामण, मीटर बंद आहे का रे?"

"हां काका, केबल तुटलीय. टेन्शन नका घेऊ, करून घेतो."

पुढच्याच सिग्नलपाशी शेवटचा आकडा एकावरून दोनावर सरकला. मी तो सरकताना पाहिला. त्यानेही मला पाहताना पाहिलं असावं, कारण इस्पितळ येईपर्यंत तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

का बोललो नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ वेळा मांडून पाहिली. मागे बसलेल्या माणसाचे वडील गेले होते, ती वेळ नव्हती. ठीक. मग दुसऱ्या दिवशी? नोटीस मी लिहिली होती. लोकांनी मला धरलं असतं. नागूबायला काय तोंड दाखवणार होतो? आणि सगळ्यात खरं कारण म्हणजे विचारलं असतं तर वडिलांच्या गाडग्याचंही विचारावं लागलं असतं. काट्यावर किलोची तफावत आली तरी मी ट्रक परत चढवायला लावायचो. इथे मी पावती फाडून दिल्यासारखा गप्प बसलो. पुढच्या फेरीची तारीखही मीच लिहिली. त्याच्या पुढचीही, आणि त्याच्याही पुढची.

दिवाळीच्या आसपासचा रविवार. मी घरी होतो. गावातली एक बाई सांगत आली, "नागूबायनी बलवलंय. वही-पेन घेऊन या म्हनाली."

गेलो तर शेडच्या मागे चिखलाचा वास. सारसोळ्याचा एक म्हातारा कोळी उंबऱ्यावर बसला होता, पांडूदादा, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. नागूबाय एकेक गाडगं बादलीतल्या पाण्याने धूत होती आणि आकड्याला टांगत होती. मला पाहून ती थांबली नाही.

पांडूदादाच बोलला. "चिंबोऱ्या पकराला गेलतो. तिवरांच्या चिखलान पाय अरकला. वाटला, कोनी दारू पुरून ठेवलीय." तो हसायला गेला आणि पायावरचा चिखल खरवडू लागला. "एक सोरून पायला. मग बाकीचा नाय सोरला. ह्या गाठी सगल्या खाडीला ठाव हायत. म्हनून चौकीला नाय गेलो, हिच्याकं आनली."

फडकी कुजून गेली होती. नायलॉनचा दोरा कुजत नाही. गाडग्यांच्या गळ्याशी तो तसाच होता, गाठींसकट.

शेवटचं गाडगं टांगून तिने हात पुसले. "मोजा."

सत्तावीस होती.

"आता लिवा," ती म्हणाली. पहिल्या गाडग्याचा दोरा तिने बोटांत धरला आणि डोळे मिटले. अंगठा गाठींवरून सरकला. "सेक्टर चार, लाइन नऊ. हिरवा. शेवंता मोरे." दुसरं. "सेक्टर एकोनीस, लाइन दोन. निला. विठ्ठल कदम. दम्याचा व्हता तो." ती सांगत होती, मी लिहीत होतो. एका लाइनीत दोघं गेलेले असले तर क्षणभर थांबायची, दोऱ्याचा पीळ चाचपायची आणि नाव सांगायची. "सेक्टर पंधरा" म्हटलं की माझं पेन थांबायचं. चार वेळा थांबलं. त्यांतलं एक शिंद्याच्या बायकोचं होतं. आमची सातवी लाइन आली नाही.

अर्धी नावं झाली असतील तेव्हा बाहेर जीप थांबली. हिरामण शिट्टी वाजवत आत आला आणि बांबूकडे पाहून जागीच उभा राहिला.

नागूबायने डोळे उघडले. "पानी कुठशी द्याचास लोकांना?"

त्याने जीपची चावी खिशात टाकली.

"बाटलीन पानी कुठलं, विचारतंय."

"बोरिंगचं." मग तो खालीच बसला. "आई, पयल्या वेलेला गारीचा क्लच गेलता. घाट चरली नसती. लोकांना तारीख दिलती. म्हटला, थोरे दिस तिवरांन ठेवतो, मागून नेतो. जासईला मेव्हन्याकं जाऊन ऱ्हायलो दोन दिस. कोनी काय विचारला नाय. मग..."

"मग रस्ता सापरला."

"त्याच्या आधीच्या सगल्या फेऱ्या खऱ्या हायत, आई. तुजी शपत."

"माजी शपत नको घेऊ. आज नको."

तो पुढे सरकला, तिचा पाय धरला. आवाज एकदम खाली आला. "आई, ऐक. फडकी कुजलीत. चिठ्ठी नाय, नाव नाय. तुज्या गाठी तुलाच वाचता येतात. तू म्हनलीस ठाव नाय, तं कोन काय करनार? मना दोन पोरी हायत." मग माझ्याकडे वळला. "काका, तुमी समजवा ना तिला. तुमी तं समजून घेतलं व्हतं."

समजून घेतलं होतं, असं तो म्हणाला. नागूबायने माझ्याकडे पाहिलं. तिला त्या शब्दांचा अर्थ लागला नसावा. मी वहीकडे पाहत राहिलो.

तिने पाय सोडवून घेतला. सावकाश, झटका न देता. सोडवताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो काही वेळ तसाच होता. मग पुढच्या गाडग्याशी गेली.

"मुनीम खोटा मोजाचा म्हनून माज्या आयनी गाठ मारली," ती म्हणाली. "मीच खोटी वाचली तं गाठ मारली कशाला? लिवा, काटेवाले. सेक्टर आठ, लाइन तीन. पांढरा."

यादी घेऊन ती स्वतः चौकीत गेली. मी बरोबर होतो. ड्युटीवरचा हवालदार म्हणाला, "मावशी, पोराविरुद्ध फिर्याद देताय तुम्ही. घरी जाऊन एकदा विचार करा."

"फिर्याद माजी नाय," ती म्हणाली. "या सत्तावीस जनांची हाय. त्यांना बोलता येत नाय म्हनून मी आले."

पंचनामा झाला, गाडगी जप्त झाली. मुद्देमालाच्या खोलीत ती फरशीवर ठेवायला लागले तेव्हा तिने मात्र आवाज चढवला. घरून बांबू आणून तिने त्या खोलीत आडवा बांधून दिला आणि स्वतः एकेक गाडगं टांगलं. हवालदारही मग हात लावायला लागला. तीन आठवडे गाडगी तिथे होती. नागूबाय रोज सकाळी जाऊन पाहून यायची.

गाडगी सुटल्यावर लोक आपापले दोरे घेऊन आले. कोणी शिव्या दिल्या. एकाने बाटली तिच्या दारात आपटली. तिने काचा समजून झाडू आणला, प्लॅस्टिक होतं, नुसतं पाणी सांडलं. शिंदे आला तेव्हा मी तिथे होतो. त्याने हिरवा दोरा पुढे केला. तिने जुळवला, गाडगं काढून दिलं. तो म्हणाला, "बाई, मी तिचं तेरावं केलं. पितृपक्षात पान वाढलं. तेव्हा ती चिखलात होती."

नागूबाय त्याच्या पाया पडायला वाकली. तो तिच्याहून वीस वर्षांनी लहान. तो घाईने मागे सरला आणि गाडगं छातीशी धरून निघून गेला.

सोळा घरांनी गाडगी नेली. अकरा घरांतून कोणी आलंच नाही. काही खोल्या सोडून गेले होते. काहींनी निरोप पाठवला की आमचे विधी झालेत, आता पुन्हा तो विषय नको. लंबू हमालाचं गाडगं त्या अकरांत होतं. त्याचा जोडीचा दोरा तिच्याकडेच होता.

हिरामणने गुन्हा कबूल केला. काही महिने आत होता. सुटल्यावर जासईला कंटेनरच्या ट्रेलरवर लागला आणि बायकोपोरींना तिकडेच घेऊन गेला. दुकान नागूबायने बंद केलं. उरलेले बांबू गावातल्या लोकांनी नेले. पुढे सेक्टरात कोणी गेलं की आम्ही वाशीहून सामान आणायला लागलो. तिथे पैसे घेऊन पिशवी देतात. नाव विचारत नाहीत.

मला मीटरचं सांगायचं होतं. प्रत्येक आठवड्याला वाटायचं, या रविवारी जाऊ. गेलो नाही.

ती मला शेवटची दिसली ती ठाणे-बेलापूर रोडच्या स्टॉपवर. सकाळचे साडेनऊ असतील, मी कामावर निघालो होतो. ऊन चांगलंच तापलं होतं. ती उभी होती, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरलेला. बाजूला सिमेंटचा बाक रिकामा होता. पिशवीत काय आहे हे विचारावं लागलं नाही.

"नाशिकला?" मी म्हणालो.

"हां. हा सातवा. चार ऱ्हायले."

"एकदम का नाही नेत? अकरा फेऱ्या म्हणजे..."

"एकदम नेतो म्हनून तं हा सगला झाला, काटेवाले. एकाला एक मानूस. तसाच असतं ते."

तिचा श्वास जड येत होता. मी म्हणालो, "द्या, बस येईपर्यंत मी धरतो."

"नको. पदाजी हाय. माज्या घरचा हाय."

तिथे, रस्त्यावरच्या त्या गोंगाटात, मी तिला मीटरचं सांगितलं. दोन्ही आकडे सांगितले, वजाबाकी सांगितली, केबलचं आणि सरकलेल्या आकड्याचंही सांगितलं. ती रस्त्याकडे पाहत ऐकत होती.

"कोनती फेरी?" तिने विचारलं.

"शिमग्याच्या आधीची."

तिचा अंगठा पिशवीच्या बंदावरून सरकू लागला, गाठी मोजतो तसा. बंदाला गाठी नव्हत्या.

"त्या फेरीन आठ व्हते," ती म्हणाली. "मागून एकोनीस."

माझा हिशेबही तोच होता, मी तो कितीतरी वेळा केला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. एकोणीस. तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसतं मोजलं.

नाशिकची बस आली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. नागूबाय पायरीवर चढली, एका हाताने दांडी, दुसऱ्याने पिशवी सांभाळत. "दोन," ती म्हणाली. "नाशिक."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. "चला साहेब, लवकर चढा."

मी हात हलवून नाही म्हटलं. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. त्याने दोन तिकिटं फाडून दिली. खिडकीजवळच्या जागेवर तिने पिशवी ठेवली, बाहेर दिसेल अशी, आणि स्वतः कडेला बसली. बस सुटली.

मी पुढची बस पकडून काट्यावर गेलो. वडिलांच्या वेळी मी भावाला कळवलं होतं की रजा मिळणार नाही. खरं म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती. तेव्हा माझ्या खात्यावर चौदा दिवस शिल्लक होते. त्या सकाळी, स्टॉपवर उभा होतो तेव्हाही, अकरा होते.